दादाच्या नावावरची जागा

संजना पगारे अंबडच्या एका कारखान्यात डिस्पॅचची चलनं करते. माझं टेबल तिच्या समोर. बाई इतकी चोख, की एक बोल्ट कमी भरला तरी गाडी गेटवर थांबवते. म्हणून तर तिनं जे केलं त्याचा मला अजून राग आहे.

चौतिसाव्या वर्षी तिला मोबाइलवरच्या ठोकळ्यांच्या खेळाचं वेड लागलं. माती खणायची, लाकूड तोडायचं, भूक आणि भुतं सांभाळत घर बांधायचं. तिनं आईचं घर बांधायला घेतलं. आई गेल्यावर थोरल्या भावानं, धम्मपालनं, पंचवटीतलं ते दोन खोल्यांचं घर पाडून वर मजले चढवले होते. खेळात तिनं ते जसंच्या तसं उभं केलं. ओटा, मोरी, आईची शिलाई मशीन असायची ती खिडकीसुद्धा. पण या खेळात एकाच जगात शेकडो अनोळखी लोक असतात. एका दुपारी कुणा टवाळांनी येऊन त्या घराला आग लावली. त्या दिवशी संजनानं डबा उघडलाच नाही.

मग लोक मुलीसाठी स्थळ बघतात तसा तिनं नवा सर्व्हर, म्हणजे त्याच खेळाचं दुसऱ्या कुणी चालवलेलं जग, शोधला. महिनाभर नियम वाचले, जुन्या खेळाडूंना विचारलं, स्वतः परक्यांच्या भिंतींवर कुदळ मारून पाहिली. एका ठिकाणी वीटसुद्धा हलेना. तिथं सोन्याच्या फावड्यानं चार कोपरे दाखवले की जागा नावावर होते. मालक आणि त्यानं परवानगी दिलेले, एवढ्यांचाच हात तिथं लागतो. बाहेरच्यानं नासधूस केलीच, तर सर्व्हर चालवणारे सगळं परत उभं करून देतात.

"आता येऊ दे कोण येतं ते," ती म्हणाली.

आणि जागा तिनं दादाच्या नावावर केली! त्याच्या मोबाइलवर खातं उघडलं, त्याच्या खात्यातून फावडं फिरवलं आणि स्वतःला बांधायची परवानगी देऊन घेतली. त्याला ना देणं ना घेणं. मी कपाळाला हात लावला. "अगं, बांधणार तू!" तर म्हणे, "थोरला असताना माझं नाव कसं लावू? बरं दिसत नाही." खऱ्या घराच्या हक्कसोडपत्रावरही तिनं अशीच, कुणी मागायच्या आत, सही करून दिली होती. आपल्याकडे बहिणींना हे शिकवावं लागत नाही.

घराला सात महिने लागले. दिवाळीनंतर दादाच्या मित्रांना या खेळाचा नाद लागला, त्यांच्यामागून दादालाही. त्यांना क्रिकेटचं मैदान करायचं होतं. दादाकडे जागा होतीच, मध्ये एक घर होतं तेवढंच. रविवारी त्यांनी ते पाडलं.

संजनानं सर्व्हरवाल्यांकडे तक्रार केली. तासाभरात अगदी नम्र उत्तर आलं. जागेच्या मालकानंच बांधकाम काढलेलं आहे, ही नासधूस नाही, परत उभं करता येणार नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं माझ्यासमोर दादाला फोन लावला, स्पीकरवर. मला वाटलं, आज तरी ही फुटेल.

"दादा, आईचं घर होतं ते."

"आईचं?" धम्मपाल हसला. "अगं, ते तर आपण कधीच पाडलं. खेळच आहे, एवढं काय मनाला लावून घेते? मैदानाच्या बाहेर कोपरा उरलाय, तिथं बांध की. मी कुठं नाही म्हणतो?"

त्याचा राग आलाच, पण त्याच्याहून जास्त मला हिचा आला. तिनं ओढणीनं डोळे पुसले, चलनाचा कोरा कागद पुढं ओढला आणि पेन उघडलं.

"चालेल, दादा," ती म्हणाली. "किती ठोकळ्यांची जागा घेऊ?"