दोन मिनिटांचं काम

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला आमच्या आचोळ्याच्या बिल्डिंगखालून हाक यायची, "प्रकाश, खाली ये. दोन मिन्टांचं काम हाय." हे हरिकाका. तळमजल्यावर एकटे राहायचे. स्वतःची गाडी नाही, पण सोसायटीतल्या प्रत्येक गाडीतला आग विझवायचा लाल बाटला तपासायचा विडा त्यांनी उचलला होता.

मलाही तो घ्यायला त्यांनीच लावलं. मी डिकीत टाकला, तर चारचौघांत झापलं. "डिकीत ठेवून काय त्याची पूजा करनार? चालवनाऱ्याच्या हाताशी पायजे." माझ्या सीटखाली तो बसवूनच ते घरी गेले.

तपासणी म्हणजे बाटल्यावरचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते बघायचं, मग बाटला उलटा धरून बुडावर तळव्याने थापटायचं आणि आतली पावडर सुटी झाली का ते कान लावून ऐकायचं. "पावडर बसली की दगड व्हते," असं दर वेळी सांगायचे.

त्यामागची गोष्ट मात्र एकदाच सांगितली. काकूंना घेऊन ते नंदाखालला बहिणीकडे निघाले होते. आगाशीच्या पुढे बॉनेटमधून धूर आला. बाटला हाताशी होता. पिन ओढली, दांडा दाबला, तर नुसती हवा. घेतल्यापासून तो कुणी हलवलाच नव्हता. दोघं रस्त्याच्या कडेला उभी आणि समोर गाडी जळत होती. "ही बोलली, आपन वाचलो ना, चला, बस पकडू." पुढे काकू आजारपणात गेल्या. मी विचारलं, दुसरी गाडी का नाही घेतली? "बाजूला कोनाला बसवू?" म्हणाले आणि फडक्याने बाटला पुसत राहिले.

हळूहळू लोक कंटाळले. पहिल्या रविवारी कुणाला नेमकी भाजी आणायची असायची, कुणाची आंघोळ राहिलेली असायची. मी सगळ्यांत हुशार. भाजीसाठी तिसऱ्या मजल्यावरून पिशवी सोडायची दोरी होती, त्या पिशवीतून गाडीची किल्लीच खाली पाठवायचो. काम झालं की काका किल्ली पिशवीत टाकून दोरीला दोन हिसके द्यायचे आणि वर बघत थांबायचे. "चहा टाकलाय. येतोस?"

"पुढच्या वेळी, काका," मी गॅलरीतूनच म्हणायचो. असे किती रविवार गेले, आठवत नाही.

गेल्या महिन्यात काका झोपेतच गेले.

काल पहिला रविवार होता. दहा वाजले, हाक आली नाही. पिशवी खुंटीवरच ठेवून मी खाली उतरलो. सीटखालचा बाटला काढला, उलटा धरून थापटला, कानाला लावला. आत पावडर सुटी होती. त्यांनी ती कधी बसूच दिली नव्हती. मला फार लाज वाटली.

बाटला जागेवर ठेवला. समोर काकांच्या दाराला कुलूप होतं. घड्याळात बघितलं, तर खरंच दोनच मिनिटं झाली होती.