खानदानी घरचं स्थळ

आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. लिहिण्याचं धाडस करतोय, माफ करा. हॉस्टेलमध्ये पेटी उघडली की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि ताईला बघायला वरोऱ्याहून आलेली म्हातारी आठवते. तिच्या शालीला हाच वास होता. पोह्यांना हात न लावता ती म्हणाली, “आमी खानदानी लोक. आमच्या सुना वावरात जात नाई.” ताईने हळूच विचारलं, “मंग कुठी जातेत जी?” “कुठीच नाई.” बाबांच्या कपाळावर आठी आली. “माहेरी तं येतेत ना, बाई?” म्हातारी नुसती हसली. तोवर मला खानदानी म्हणजे मोठेपणा एवढंच ठाऊक होतं. बाबांनी स्थळ नाकारलं, तेव्हा गाव म्हणालं, “याले मोठं घर पचलं नाई.” काल आईचा फोन आला. त्या घरची थोरली सून लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी आली आहे आणि परत जायला तयार नाही.