खुणेचं अंडं

आईचं तेरावं झालं आणि परसातल्या कोंबड्यांनी अंडी देणं जवळजवळ थांबवलं. पशुवैद्यकांनी कारणं सांगितली: दिवस लहान झाले, पिसं झडतायत, दाणे टाकणारं माणूस बदललं. शेजारच्या सुमनकाकूंनी मात्र खुराड्यात डोकावून बाबांना विचारलं, "भाऊजी, टोपलीतलं खुणेचं अंडं कुठाय? ते दिसलं तरच कोंबडी तिथं बसते."

"जुनं होतं. साफसफाईत टाकलं."

"अहो, ताईंनी स्वतःच्या हातानं ठेवलेलं शेवटचं होतं ते!"

मरणाची खबर गावभर पोचवतात. खुराड्यात ती सांगायची रीत नाही.

बाबांनी काकूंकडून एक अंडं मागून आणलं, टोपलीत ठेवलं आणि मागच्या उंबऱ्यावर बसून राहिले. तांबडी कोंबडी आली. तिनं अंड्याकडे पाहिलं आणि न बसताच बाहेर निघून गेली.