आलिंग सेपाच्या कानात

आमच्या बंदरावर मासळीचा लिलाव कानात होतो. व्यापारी टोपलीभोवती जमतात, एकेकजण वाकून विकणारीच्या कानात भाव कुजबुजतो, आणि ज्याचा भाव तिला पटेल त्याची टोपली. आलिंग सेपाचा, म्हणजे आमच्या सेपा मावशीचा, सगळा जन्म अशी मासळी विकण्यात गेला. दिवसभर तुंबलेला आवाज मग ती गल्लीत येऊन मोकळा करते. तिनं नवऱ्याला जेवायला हाक मारली की चार घरचे नवरे उठतात.

परवाच्या वादळात शाळेच्या एका वर्गात आम्ही अख्खी गल्ली कोंबून बसलो होतो. त्यात माझी शेजारीण मेर्ली आणि तिचा आठ वर्षांचा जोमार. जोमार स्वमग्न आहे. बाहेर पत्रे उडत होते, त्याचं त्याला काही नव्हतं. माणसांचा कलकलाट मात्र सोसेना. कान गच्च दाबून तो किंचाळायला लागला, भिंतीवर डोकं आपटायला लागला.

"पोराला जरा वळण लावा की!" कोपऱ्यातून तोन्यो सुतार खेकसला. असा संताप आला मला! पण मेर्ली भांडली नाही. तिनं पोराला उचललं.

"घरी जाते. तिथं निदान शांत तरी राहतो."

तिचं घर किनाऱ्यावर, खांबांवरचं. सकाळीच समुद्र त्याच्या पायऱ्या चढला होता.

दारात सेपा आडवी आली. पेजेचं पातेलं तिच्या ताब्यात होतं. मला वाटलं, झालं, आता ही ओरडणार आणि पोरगं आणखी बिथरणार. पण तिनं मेर्लीच्या कानाला तोंड लावलं. "बस गं खाली. कुठं मरायला जातेस?" मग ओठावर बोट ठेवून ती वर्गभर फिरली, एकेकाच्या कानात सांगत, "पेज हवी तर माझ्या कानात मागायची. मोठ्यानं मागेल त्याला तळाची करपलेली."

लोक आधी हसले. पण बंदरावरचीच माणसं ती, त्यांना कुजबुजायला कोण शिकवणार? पोरांना तर खेळच मिळाला.

"तीन डाव पेज, वर सुकी मासळी!"

"चल हट! एवढंसं पोट आणि भाव बघा!" सेपाही कानातच.

तोन्योही वाकत आला. सेपा त्याच्या कानात काय बोलली ते त्यानं अजून बायकोलाही सांगितलेलं नाही. कान मात्र लालबुंद झाले होते, मी पाहिले.

वर्गात नुसती कुजबुज उरली. जोमारनं आधी एक हात कानावरून काढला, मग दुसरा. बाकाखाली सरकून तो झोपला. त्याच्या पायावर हात ठेवून मेर्लीही झोपली.

संध्याकाळी वस्तीचा कप्तान, म्हणजे आमचा गावप्रमुख, कर्णा घेऊन दारात आला. "ऐका हो ऐ..."

"शूऽऽ!" अख्खा वर्ग त्याच्यावर उलटला.

बिचारा दचकला. मग मुकाट्यानं आत आला आणि सेपाच्या कानाशी वाकला. वादळ सरलं होतं, घरी जायला हरकत नव्हती. बातमी या कानातून त्या कानात करत वर्गभर पोचली. कुणाच्या घरावर छप्पर उरलंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं, जीव तर सगळ्यांचा तिकडेच लागला होता. तरी जोमार जागा होईपर्यंत एकही माणूस जागचा हलला नाही.