पिवळ्या कार्डाचा डावा रकाना

रविवारी सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना लिफ्ट दुरुस्त करणारा लिफ्टवाला बगलेत उशी मारून हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या खोलीत शिरायचा आणि भिंतीकडची शेवटची चटई धरायचा. बाकीच्या सात चटयांवर जोडपी. नवरे मागे पाय पसरून बसलेले, बायका त्यांच्या छातीला टेकलेल्या. त्याच्या छातीला उशी टेकलेली. निळ्या अभ्र्याची, एका कोपऱ्यात उसवलेली.

पहिल्या रविवारी सिस्टरनं विचारलं होतं, "मिसेस कुठायत?"

"झोपून आहे. डॉक्टरांनी उठायची बंदी केलीय. बाथरूमला तेवढं जायचं."

"मग तुम्ही एकटे इथे काय करणार?"

"शिकून जाईन, घरी शिकवीन."

"वा! म्हणजे शिकवणी लावलीय," शेजारच्या चटईवरचा धिप्पाड माणूस म्हणाला. त्याला सगळे पैलवान म्हणत. त्याच्या बायकोनं त्याला कोपर मारलं.

बाळंतपणाची तयारी शिकवणाऱ्या या सिस्टरनं तीस वर्षं प्रसूतिगृहात काढली होती. ती हसली नाही. तिनं त्याला एक पिवळं कार्ड दिलं. सहा ओळी, सहा रविवार. उजवा रकाना सोबत्याच्या सहीचा, डावा आईच्या.

"बाळंतपणाच्या वेळी आत उभं राहायचं असेल तर दोन्ही रकाने भरलेले पाहिजेत. तिनं घरी सराव केला की तिची सही आणा. आणि स्वतः करायची नाही हं. मला सह्या ओळखता येतात."

त्याला आत उभं राहायचं होतं. त्यासाठीच तर तो आला होता.

त्याचं नाव 'उशीवाले' पडायला फार वेळ लागला नाही. कंबर चोळायचा धडा आला तेव्हा तो इतकं मन लावून उशी चोळत होता की पैलवान ओरडला, "अहो उशीवाले, हळू! कापूस बाहेर येईल!" सगळे हसले, तोही हसला. सरावाच्या रबरी बाळाचा एक पाय सारखा निखळायचा. तिसऱ्या रविवारी त्यानं खिशातून तार आणि पक्कड काढली आणि पाय असा बसवून दिला की सिस्टर म्हणाली, "तुमच्या हाताला यश आहे." घरी जाताना हे वाक्य त्यानं दोनदा मनात म्हणून पाहिलं. कुणाला सांगावं असं त्याला वाटलं, पण सांगायचं कुणाला?

घरी ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची.

डावी कूस, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पलंग भिंतीला लावलेला, त्यामुळे डाव्या कुशीवर झालं की समोर भिंतच. तो खुर्ची ओढून तिच्या पाठीमागे बसायचा, वही उघडायचा आणि वाचायचा. कामावर मशीनच्या तपासणीचे मुद्दे लिहितो तसेच त्यानं धडे लिहिले होते. एक, श्वास नाकानं आत. दोन, चार आकडे रोखणे. तीन, तोंडानं बाहेर. प्रत्येकापुढे खूण करायला चौकोन.

"करून बघूया?"

"ठेव तिकडे."

"सही लागते गं. नाहीतर मला आत सोडणार नाहीत."

"नको सोडू देत. मी एकटी जाईन. मला सवय आहे."

हे ती चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. दूध आणायला मी जाते म्हणावं, तशी म्हणाली.

सवय कसली, ते दोघांनाही माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी, आधीच्या खेपेला, तिच्या पाचव्या महिन्यात, एका मंगळवारी तो एका जुन्या इमारतीत लिफ्टच्या डब्याच्या छतावर उभा होता. अकरापासून साडेतीनपर्यंत. फोन वर मशीनरूममध्ये, पिशवीत. खिशातली वस्तू खाली खड्ड्यात पडू नये म्हणून तसा नियमच आहे. वर येऊन पाहिलं तर नऊ मिस कॉल. तो पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. त्यानंतर "चुकलं माझं" हे तो इतक्या वेळा म्हणाला होता की शेवटी ती म्हणाली, "आता पुरे." आणि तो थांबला. तो विषय तिथेच, दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यासारखा राहिला.

पाचव्या रविवारी सिस्टरनं वेगळाच धडा घेतला. "आज व्यायाम नाही. एकमेकांना विचारा, दुखायला लागलं की तू काय करतेस? ओरडतेस, गप्प होतेस, की शिव्या घालतेस? आत गेल्यावर विचारायला वेळ नसतो."

खोलीत एकच कालवा झाला. "ही भांडी आपटते!" पैलवान म्हणाला. "आणि तू सुई बघूनच आडवा होतोस, ते सांग की," त्याची बायको म्हणाली. लिफ्टवाला उशीकडे बघत बसला. सिस्टर फिरत फिरत त्याच्यापाशी आली.

"तुमच्या मिसेस?"

"माहीत नाही."

"कधी दुखलं नाही का त्यांना?"

"एकदा दुखलं होतं. खूप. मी नव्हतो तिथे."

सिस्टरनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"मग त्यांनाच विचारा," ती म्हणाली. "उशीला काय माहीत?"

घरी आल्यावर त्यानं उशी कोपऱ्यात टेकवली, जेवण गरम करून तिला वाढलं, ताट उचललं, आणि मग खुर्ची ओढून बसला. वहीचं कोरं पान काढलं.

"त्या दिवशी किती वाजता सुरू झालं?"

तिची पाठ ताठ झाली.

"रिपोर्ट लिहितोयस का? लिफ्ट बंद पडली, किती वाजता पडली, कोणत्या मजल्यावर?"

त्यानं वही मिटून खाली ठेवली.

"मला माहीतच नाही गं काही. मी कधी विचारलंच नाही."

बराच वेळ वरच्या घरात कोणीतरी खुर्ची सरकवत राहिलं. मग ती भिंतीशी बोलल्यासारखी बोलली.

"दुकानात होते. काच बसवत होते." ती चष्म्याच्या दुकानात काम करायची.

"काच बसवत होतीस," तो म्हणाला.

"हेच! हेच तुझं!" ती एकदम म्हणाली. "मीठ संपलं म्हटलं की मीठ संपलं. पोपट पाळल्यासारखं. त्या दिवशीपण तेच केलंस. तू आलास, मी म्हटलं, गेलं. तू म्हणालास, गेलं. बस्स. माझंच मला परत दिलंस आणि उभा राहिलास."

तो गडबडला. आपण असं करतो हे त्याच्या ध्यानातच कधी आलं नव्हतं.

"अगं, ते कामाचं आहे," तो म्हणाला. "तात्यांनी पहिल्या दिवशी शिकवलं." तात्या म्हणजे त्याला काम शिकवणारा जुना मेकॅनिक. "एक जण मशीनपाशी, एक डब्यावर. एकमेकांना दिसत नाही. वरचा म्हणतो, खाली घेतो. डब्यावरच्यानं 'खाली घे' असं परत म्हटल्याशिवाय वरच्यानं बोट हलवायचं नाही. नाहीतर माणूस चिरडतो. तात्या म्हणायचे, परत म्हण, म्हणजे तू तिथे आहेस हे मला कळेल."

तिनं उशीवरची मान जराशी त्याच्याकडे वळवली.

"तू बोललीस की मी ऐकलंय, एवढंच त्यात असतं," तो म्हणाला. "तुला वाटलं असेल टिंगल करतोय."

"टिंगल नाही. मला वाटलं, तुला काही वाटतच नाहीये."

सहा वर्षांच्या संसारात हे दोघांनी एकमेकांना कधी सांगितलं नव्हतं. तिला सांगावंसं वाटलं नव्हतं, त्याला सांगण्यासारखं आहे हे ठाऊक नव्हतं.

"पुढे सांग," तो म्हणाला. "मी नाही म्हणत परत."

"म्हण," ती म्हणाली. "म्हणालास तरी चालेल."

"गिऱ्हाईक समोर उभं होतं," ती सांगू लागली. "त्याला गाडी चालवत जायचं होतं. मी दुसरी काच बसवली, मगच उठले."

"दुसरी काच बसवून उठलीस."

"टॅक्सीत मी ओरडले नाही. ओठ चावला. टॅक्सीवाला विचारत होता, खिडकी उघडू का? मला उत्तर देता येईना."

"ओरडली नाहीस. ओठ चावलास."

"हॉस्पिटलात फॉर्म दिला. सोबत कोण आहे, असा रकाना होता." ती थांबली. "मी लिहिलं, येतोय."

या वेळी खुर्चीतून काहीच आवाज आला नाही. तिनं वाट पाहिली.

"म्हण ना," ती म्हणाली.

"येतोय," तो म्हणाला, आणि मग पुन्हा, "येतोय, असं लिहिलंस."

दुपारचं ऊन पलंगाच्या पायापर्यंत आलं होतं. ती हळूहळू, हाताचा आधार घेत उठून बसली. "आण ते कार्ड."

त्यानं कार्ड आणि पेन दिलं. तिनं कार्ड मांडीवर ठेवून वाचलं, काचेवरचा ओरखडा शोधावा तसं. पाचव्या ओळीत, डाव्या रकान्यात सही केली. वरच्या चार ओळी तशाच ठेवून कार्ड परत केलं.

"आणि या?"

"तो सराव मी केलाय कुठे? खोटी सही कशाला करू?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. पुढचा रविवार शेवटचा. चार धडे, सहा दिवस, आणि तिचं मन त्या दिवसांत कुठे वळेल ते त्याला सांगता आलं नसतं. पाचव्या ओळीवरची शाई वाळेपर्यंत तो कार्ड हातात धरून उभा राहिला.

ती परत आडवी व्हायला निघाली आणि मध्येच थांबली.

"ती उशी दे. तिकडे नको, पायाकडे टाक."

त्यानं निळी उशी पायथ्याशी ठेवली. ती सरकत सरकत फिरली, तिकडे डोकं ठेवलं आणि डाव्या कुशीवर झाली. आता भिंत तिच्या पाठीमागे गेली होती. इतक्या लिफ्टा सरळ करणाऱ्या माणसाला दोन महिने हे सुचलं नव्हतं. तिचा चेहरा त्याला वाटलं होतं त्यापेक्षा खूप थकलेला होता.

"काय बघतोस?" ती म्हणाली. "पहिला धडा काढ."

"पहिला धडा," तो म्हणाला, आणि मग वहीकडे हात नेला.