पोलादाला पाजलेलं पाणी

अकोल्याच्या लोहाराघरची मी, लग्न होऊन अमरावतीच्या लोहाराघरी आले. माहेरी भाता ओढायची, सासरीही तेच. फरक इतकाच, की माहेरी बाबा मला बोलू देत. इथे मामाजी, म्हणजे माझे सासरे, भट्टीपाशी कुणालाच बोलू देत नसत.

दिवस कापसाचे होते. अमेरिकेतल्या लढाईमुळे विलायतेला तिथला कापूस मिळेनासा झाला होता आणि वऱ्हाडातला कापूस हातोहात उचलला जात होता. पैसा आला तशा बैलांच्या शिंगांच्या टोकांवर पितळी शेंब्या चमकू लागल्या. लोक पडीक माळही वखरायला लागले. वखराची पास, म्हणजे मातीखालून तण कापत जाणारी पट्टी, माळावरच्या गोट्यांनी भराभर झिजे आणि आमच्या दारात गर्दी होई.

माझ्या नवऱ्याने बडनेऱ्याहून रेल्वेच्या कामावरच्या मोडक्या पोलादी पहारी आणल्या. मामाजींनी एका पहारीची पास ठोकली, पांढरी होईस्तोवर तापवली आणि टणक व्हावी म्हणून चर्रकन पाण्यात घातली; यालाच पाणी पाजणं म्हणतात. कानस लावली तर कानसच घसरली.

"आता झीज म्हणा हिले!" मामाजी खूश.

ती पास नेलेले गावचे पाटील थोड्याच दिवसांत तिचे दोन तुकडे घेऊन आले. हसतच म्हणाले, "तुमची पास झिजली नाई बुवा. सीधी मोडली!"

मी एक तुकडा उचलला. मोडलेल्या तोंडावर खडीसाखरेसारखे जाड, चकाकते दाणे होते. बाबा मला असे तुकडे दाखवत. पोलाद जास्त तापलं की आतला दाणा वाढतो आणि असं पोलाद ठिसूळ होतं. तोंडून निघूनच गेलं, "मामाजी, लई तापलं हे. दाणा जाड झाला."

नवऱ्याच्या हातातला भाता थांबला. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग पाटलांकडे. "मंग तूच पाज पाणी," म्हणाले आणि सांडशी माझ्या हातात दिली.

दुसऱ्या पहारीची पास त्यांनी ठोकून दिली. पास पिकल्या बोरासारखी लाल झाली तशी मी ती पाण्यात विझवली. नुसती विझवून भागत नाही, ती काचेसारखी तडकते; म्हणून दगडावर घासून लख्ख केली आणि मागची बाजू निखाऱ्यांवर धरली. पोलादावर रंग चढू लागले. आधी फिकट पिवळा, मग गुळासारखा, मग जांभळा. बाबांना हे करताना पाहिलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. रंग इतके देखणे, की मी बघतच राहिले. धारेपर्यंत सगळं मोरपिशी निळं झालं, तेव्हा कुठे पाण्यात घातली.

पाटील पुन्हा आले. "बाई, हे तं लोण्याची केली तुमी! धारच बसली." रंग जितका पुढे जातो तितकं पोलाद मऊ होतं, आणि मी तो पार निळ्यापर्यंत जाऊ दिला होता.

मामाजी हसून हसून खोकायला लागले. मलाही हसू आवरेना. पण ते थांबल्यावर म्हणाले, "मोडली तं नाई ना? मंग काहून सोडायचं? चाल, पाहू."

पहारीचे तुकडे करून आम्ही दोघं बसलो. एक पिवळ्या रंगावर विझवला, एक गुळाच्या रंगावर, एक जांभळ्यावर. पिवळ्याचा ऐरणीवर टवका उडाला. जांभळा सहाणेवर झिजला. गुळाच्या रंगाचा मात्र दोन्हीला पुरून उरला. मामाजींनी तो घणाने मुद्दाम मोडला आणि उन्हात धरला. आतला दाणा राखेसारखा बारीक.

"मैद्यावानी आहे पाय!" ते ओरडले.

नवरा भात्यावरून म्हणाला, "मैद्याचं राहू द्या, आज भाकरी कोन करून राहिलं?" कुणीच करत नव्हतं. शेवटी त्यानेच थापल्या. जाड होत्या, पण आम्ही हसत हसत खाल्ल्या.

गुळाच्या रंगावर विझवलेली पुढची पास पाटलांनी सबंध हंगाम माळावर ओढली. धार थोडी गोल झाली, एवढंच. खूश होऊन त्यांनी टोपलीभर सीताफळं आणली आणि मागोमाग त्यांची अख्खी भावकी आली.

मामाजी ऐरणीपासून हलत नसत, पण विझवायची वेळ आली की हाक मारत, "सूनबाईले बोलवा. रंग तिच्या डोयानं पायतो मी." मी पदर खोचून जायची आणि आम्ही दोघं श्वास रोखून पोलादावर गूळ उतरायची वाट बघायचो.