तिरक्या घरातला फिशटँक

वाचकहो, मन घट्ट करून जाहीर करतो की आमचं घर तिरकं आहे. पाणी भरून मासे सोडले, तर फिशटँकच्या डाव्या काचेवर पाणी दोन बोटं जास्त चढलं आणि स्टँड डुगडुगू लागला. मी टँक दोन्ही हातांनी कवटाळला. सोडला तर पाचही मासे फरशीवर! ते मजेत फिरत होते; मला मात्र नाक खाजवायचीही सोय नव्हती. वाटलं, रोज वावरून जमिनीचा कल आपल्या चालीत मुरतो, म्हणून दिसत नाही. पाण्याला अशी भीड नसते. टेकू द्यायला पुठ्ठा घेऊन आलेली बायको पाण्याची तिरकी रेघ बघून थबकली आणि ओरडली, "तरीच वीस वर्षं माझा ढोकळा एका बाजूला बुटका! आणि तुमच्या आई म्हणायच्या, हिचा हातच वाकडा!"